गोळीच्या पाकिटावरचा सूर्य

औषधाच्या कागदी पाकिटावर मी पेनाने सूर्य किंवा चंद्र काढून देतो. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री, आणि शेजारी गोल ताट काढलं तर जेवल्यावर. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे माझं औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावर राबणारे पुरुष आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका. घरात तेलुगू, कामावर मराठी, गल्लीत थोडी कन्नड, थोडी उर्दू. बोलायला चार भाषा आणि वाचायला एकही नाही, अशी पन्नाशी-साठीतली माणसं रोज काउंटरवर उभी असतात. रक्तदाबाची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली आणि रंग बदलला, की ती घेऊन एखादी बाई हमखास परत येते. "अण्णा, आमची गुलाबी होती की! ही पांढरी कुणाची दिली?" पट्टीवर औषधाचं नाव तेच छापलेलं असतं. पण त्या बाईच्या लेखी गोळीचं नाव म्हणजे गोळीचा रंग.

सूर्य-चंद्र काढून दिले की आपलं काम झालं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. एका बाईंनी तो समज मोडला. पंचावन्नच्या आसपासच्या, विड्या वळणाऱ्या. पाकिटावरची खूण त्यांना बरोबर कळायची, वेळ कधी चुकली नाही. दोन महिने त्यांनी रक्तदाबाची गोळी नेमाने घेतली आणि बंद केली. विचारलं तर म्हणाल्या, "आता डोकं दुखत नाही की. कशाला खायची?" सात-आठ महिन्यांनी त्यांना सिव्हिलमध्ये नेलं. उजवी बाजू गेली. विडी वळणारीचा उजवा हात.

गोळी कधी घ्यायची हे मी त्यांना सांगितलं होतं. काहीही दुखत नसताना ती का घ्यायची, हेही सांगून पाहिलं होतं, पण ते पोचलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आत चालू असतं, आजची गोळी दहा वर्षांनंतरच्या एखाद्या सकाळसाठी असते, हा विचार काउंटरवर दोन मिनिटांत देता येत नाही. तो कोवळ्या वयात अंगात मुरावा लागतो. बी पेरलं की लगेच काही दिसत नाही, तरी रोज पाणी घालायचं, अंदाज करायचा, चुकला तर का चुकला ते विचारायचं. हे सगळं मूल शिकतं ते चांगल्या बालवाडीत आणि पहिली-दुसरीत. अक्षरं त्याच्यासोबत येतात.

आपल्या शहरात आरोग्याचा विषय निघाला की बोलणं सिव्हिलमधल्या खाटा, यंत्रं आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर येतं. 1963 पासून इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात, ती चर्चा व्हायलाच हवी. पण बावीस वर्षं गोळ्या मोजून दिल्यावर माझं मत असं झालं आहे की सोलापूरकराचं साठीतलं आरोग्य बऱ्याच अंशी तीन ते आठ या वयात ठरून जातं. म्हणून अंगणवाडी आणि प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांवरचा पैसा हा आरोग्याचाच पैसा मानला पाहिजे, आणि तो आधी खर्च झाला पाहिजे.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की न शिकलेली बाई मंद असते म्हणून आजारी पडते. पंचवीस विड्यांचा एक बंडल, चाळीस बंडलांची हजार विडी, त्यातली किती नापास झाली आणि मजुरीतून किती कापले, हा हिशेब ती चालता चालता करते. हातातली तंबाखू कमी आहे की जास्त, हे तिला न तोलता कळतं. बुद्धी तिच्याकडे भरपूर होती. आठव्या-नवव्या वर्षी तिच्या मांडीवर सूप ठेवलं गेलं आणि त्या बुद्धीला एकच काम मिळालं.

माझ्या घरातलंच सांगतो. आई थोरली, मावशी धाकटी. आईची शाळा दुसरीत सुटली, कारण आजीला पानं कापून द्यायला कुणीतरी हवं होतं. मावशीच्या वेळेपर्यंत आई कामाला लागलेली होती, त्यामुळे मावशी सातवीपर्यंत गेली. एका घरातल्या, एका ताटात जेवलेल्या दोघी बहिणी. पुढे दोघींनीही विड्या वळल्या, दोघींनाही साखरेचा आजार झाला. मावशी डॉक्टरकडे जाताना चौकोनी वही घेऊन जायची. साखर किती आली ते तारखेसह लिहिलेलं, आणि शेवटच्या पानावर प्रश्न : ही गोळी आधीच्या गोळीबरोबर चालते का, पाय बधिर होतात ते यामुळेच का. आई त्याच डॉक्टरांसमोर हात जोडून बसायची आणि प्रत्येक गोष्टीला "होय साहेब" म्हणायची. जिना उतरताना मला विचारायची, "काय म्हणाले रे ते?"

सत्तरीच्या अलीकडेच आईला विसर पडू लागला. आधी भाजीवाल्याला दिलेले पैसे, मग कन्ना चौकातून घरी यायचा रस्ता, मग माझं नाव. शेवटच्या वर्षात ती पलंगावर बसून चादरीची कड बोटांत धरायची आणि वळत राहायची. डोक्यातून सगळं गेलं, पण बोटांतून विडी गेली नाही. मावशी आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, सकाळी पेपर वाचते आणि मला फोन करून बातम्या सांगते.

दोन बहिणींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. आजार आनुवंशिक असतात, नशिबाचा भागही असतो. पण ज्यांनी हजारो माणसं अभ्यासली, तेही याच दिशेला बोट दाखवतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली. त्यांतलं लहानपणाच्या टप्प्यातलं कारण एकच आहे : अपुरं शिक्षण. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के असल्याचा अंदाज देशभरातल्या एका मोठ्या पाहणीतून निघाला, आणि ते प्रमाण स्त्रियांमध्ये, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत जास्त आढळलं. असं का व्हावं, याचा खुलासा मेंदूच्या 'राखीव साठ्या'ने केला जातो. सोलापूरकराला तो चादरीवरून लगेच कळेल. दाट विणीच्या चादरीचे चार धागे तुटले तरी ती पांघरता येते. विरळ विणीचा एक धागा तुटला की भोक पडतं. वय झालं की धागे दोघांचेही तुटतात. वीण किती दाट हे ठरतं ते लहानपणी मेंदूला किती आणि कसलं काम मिळालं यावर.

याच्याच जोडीने हैदराबादच्या निम्स रुग्णालयातला 2013 चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले. ज्यांना दोन किंवा अधिक भाषा येत होत्या, त्यांच्यात आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. हा फरक कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही होता. म्हणजे मेंदूची वीण केवळ पाटी-पेन्सिलीने दाट होते असं नाही. आई तीन भाषा बोलायची. त्या नसत्या तर ती कदाचित आणखी लवकर हरवली असती. हा अभ्यास वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आपल्या शहराच्या खिचडी बोलीचा अभिमान वाटला. आपण तिला अशुद्ध म्हणून हसत आलो, आणि ती आपल्या म्हाताऱ्यांना सांभाळत होती.

मृत्यूचं गणितही असंच आहे. 59 देशांमधली माहिती एकत्र करून 2024 साली मांडलेल्या एका अभ्यासानुसार शाळेतल्या प्रत्येक वर्षामागे अकाली मृत्यूचा धोका सुमारे 2 टक्क्यांनी उतरतो. त्याच अभ्यासकांनी एक तुलना केली : अजिबात शाळेत न जाणं हे दहा वर्षं रोज दहा सिगारेटी ओढण्याइतकं घातक आहे. ज्या शहरात हजारो बायकांनी आयुष्यात एकही विडी ओढली नाही, फक्त दुसऱ्यांसाठी वळली, आणि त्या वळण्यापायी शाळा सोडली, त्या शहरात हे वाक्य मी दोनदा वाचलं. तंबाखूची धूळ छातीत गेली ती वेगळीच.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत. पहिला पैशाचा. शिकलेल्याला बरी नोकरी मिळते, हवेशीर घर मिळतं, म्हणून तो निरोगी राहतो. शिक्षणाचं नाव कशाला? यात तथ्य आहे. गोळी बंद होण्याचं कारण पुष्कळदा खिसा हेच असतं. दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या कात्रीने कापून मागणारी माणसं मी रोज पाहतो. पण चांगल्या रोजगाराची वाटही शाळेतूनच जाते, आणि पैसा सारखा असलेल्या घरांमध्येही आई शिकलेली असण्याने फरक पडतो. 1970 ते 2009 या काळात 175 देशांत पाच वर्षांखालील मुलांचे जे मृत्यू टळले, त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं श्रेय संशोधकांनी स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलं आहे. मधुमेह हा शिकल्या-सवरलेल्या, खात्यापित्या लोकांचा आजार, हेही आता जुनं झालं. 2017 साली आलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत, तुलनेने पुढारलेल्या राज्यांतल्या शहरांमध्ये गरिबांतच मधुमेह जास्त दिसू लागल्याचं नोंदलं गेलं. माझी उधारीची वही तेच सांगते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ब्रिटनने शाळा सोडण्याचं किमान वय 1947 साली 14 वरून 15 केलं आणि 1972 साली 16. लाखो मुलं एका फटक्यात एक वर्ष जास्त शिकली. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या आरोग्याची आणि मृत्यूची आकडेवारी तपासली, तर फरक जवळजवळ नाहीच. मग शाळेने आयुष्य वाढतं हे खोटं म्हणायचं का?

मला यातून उलट धडा मिळतो. चौदाव्या वर्षी, नऊ वर्षं शिकून झालेल्या मुलाला आणखी एक वर्ष बाकावर बसवलं, तर त्याच्या धमन्यांना काय फरक पडणार? पाया घालायची वेळ कधीच टळून गेलेली असते. त्याच सुमारास, 1972 मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात गरीब घरांतल्या 111 बाळांवर एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटातली मुलं काही महिन्यांची असल्यापासून पाच वर्षांची होईपर्यंत दिवसभर एका केंद्रात राहिली. तिथे पोटभर खाणं होतं, डॉक्टरची तपासणी होती, आणि त्यांच्याशी सतत बोलणारी, खेळणारी, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी माणसं होती. ही मुलं पस्तिशीच्या आसपास आली तेव्हा त्यांची तपासणी झाली. केंद्रात राहिलेल्या पुरुषांचा वरचा रक्तदाब सरासरी 126, दुसऱ्या गटातल्यांचा 143. हे दोन आकडे औषधवाल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. 143 चा माणूस आयुष्यभर माझ्या दुकानात येतो. 126 च्या माणसाला माझ्याकडे यायचं कारण नसतं.

प्रयोग लहान होता, आणि त्यात खाणं, तपासणी, शिकवणं असं सगळं एकत्र होतं. त्यामुळे यातलं काय नेमकं कामी आलं ते वेगळं काढता येत नाही. पण एकत्र होतं, हीच तर त्यातली घेण्यासारखी गोष्ट. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्यातही पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकाच छपराखाली आणलं होतं. कल्पना आपल्याकडे पन्नास वर्षं आहे. गल्लीगल्लीत तिची पाटी लागलेली आहे.

आत जाऊन बघा. माझ्या दुकानाच्या आसपासच्या अंगणवाड्या मी पाहिल्या आहेत. दहा बाय दहाची भाड्याची खोली, एका कोपऱ्यात आहाराची पातेली, दुसऱ्यात वजनकाटा, मधे वीस-पंचवीस लेकरं. सेविकाताई एका हाताने मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी भरत असतात आणि दुसऱ्या हाताने रडणारं मूल थोपटत असतात. वजनं, गरोदर बायकांच्या भेटी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांतून उरलेल्या वेळात शिकवणं. जे मोजून वर पाठवायचं असतं ते होतं. मुलाशी बोलणं कुठल्या रकान्यात भरणार? या बायकांना सरकार पगार देत नाही, 'मानधन' देतं. डिसेंबर 2023 मध्ये त्या संपावर गेल्या आणि पन्नास दिवसांवर संप चालला. तेवढे दिवस दवाखाने बंद राहिले असते तर राज्यात हाहाकार झाला असता. अंगणवाड्या बंद राहिल्या तर पेपरात आतल्या पानावर बातमी. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. या बायका माझ्यापेक्षा आणि माझ्या कपाटांतल्या सगळ्या औषधांपेक्षा जास्त रक्तदाब आटोक्यात ठेवू शकतात, त्यांना तेवढी फुरसत आणि प्रशिक्षण मिळालं तर.

कायद्यातही इथेच खिंडार आहे. मूळ राज्यघटनेच्या 45 व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची गोष्ट होती. खालची वयोमर्यादा घातलेली नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा या वयासाठी. सहाच्या आतली मुलं मार्गदर्शक तत्त्वांत राहिली, म्हणजे सरकारने प्रयत्न करावा, एवढंच. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते असं लिहिलं आणि तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. धोरणात लिहिलं, हक्क मात्र अजून सहाव्या वाढदिवसालाच सुरू होतो. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तीही पहिलीपासून.

सोलापुरात काय करता येईल, याबद्दल मला तीन-चार गोष्टी सुचतात. सगळ्यात आधी वेळ. विडी कामगार बाई सकाळी विड्या जमा करायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्यात जाते, परतल्यावर संध्याकाळपर्यंत वळत बसते. अंगणवाडी दुपारी सुटते. मग मूल तंबाखूच्या सुपाशेजारीच खेळतं, आणि थोडं मोठं झालं की सूप पुढे ओढतं. अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालली, तिथे दुसरी सेविका आणि दुसरं जेवण मिळालं, तर एका दगडात मुलाची छाती आणि डोकं दोन्ही वाचतील.

दुसरी भाषेची. तेलुगू घरातलं तीन वर्षांचं मूल पानाला 'आकु' म्हणतं. त्याने पाहिलेलं पहिलं पान झाडावरचं नसतं, आईच्या मांडीवरचं तेंदूचं असतं. बाई मराठीत 'पान' म्हणाल्या की ते गप्प बसतं, आणि आपण त्याला बुजरं म्हणतो. आपल्या महापालिकेने मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवल्या, हे वैभव थोड्या शहरांकडे आहे. तेच अंगणवाडीत उतरलं पाहिजे. मुलाने घरच्या भाषेत प्रश्न विचारावा, त्याला दोन्ही भाषांत उत्तर मिळावं. हैदराबादचा अभ्यास खरा असेल तर ही त्याच्या म्हातारपणाची तरतूद आहे. आज मात्र आईबाप पोटाला चिमटा घेऊन त्याला इंग्रजी नावाच्या खासगी नर्सरीत घालतात. तिथे तिसऱ्या वर्षी वहीत अक्षरं गिरवून घेतात, आणि प्रश्न कुणालाच विचारू देत नाहीत.

आणि नव्या वसाहती. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी वर्षानुवर्षं झगडून ती मिळवली. जानेवारी 2024 मध्ये पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, तेव्हा माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या घरी पेढे वाटले. इतकी मोठी कष्टकऱ्यांची वस्ती नव्याने वसते तेव्हा रस्ता आणि नळ यांच्या जोडीने, घराची किल्ली देण्याआधी, अंगणवाडीची स्वतःची, उजेडाची, शौचालय असलेली इमारत तयार असली पाहिजे. दवाखाना नंतर आला तरी चालेल, असं औषधवाला म्हणतो आहे.

माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. काउंटरवर रक्तदाब तपासून घेण्याचा जो कागद लावलेला आहे, त्याच्या शेजारी मी आसपासच्या पाच अंगणवाड्यांचे पत्ते आणि वेळा मराठी आणि तेलुगूत लिहून चिकटवल्या. नातवाला कडेवर घेऊन गोळ्या न्यायला येणाऱ्या बायकांना तो कागद दाखवतो. गेल्या महिन्यात तिघींनी चौकशी केली. दोघींनी पत्ता मोबाइलवर फोटो काढून नेला. तिसऱ्या आजींना मी तो वाचून दाखवला. त्यांनी मला तेलुगूत विचारलं, तिथे पोराला किती वाजेपर्यंत ठेवतात. मी दुपारची वेळ सांगितली. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मग त्यानंतर कोण बघणार, आणि गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचून निघाल्या.